मुतखडाही होतो आणि हाडंही ठिसूळ: मग दूध बंद करायचं की कॅल्शियमची गोळी घ्यायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ३८, वजन ७२ किलो, जळगावकडचे, काम बाहेर उन्हातलं. तीनदा मुतखडा झाला, एकदा दुर्बिणीने काढला तेव्हा तपासणीत कॅल्शियम ऑक्झलेटचा निघाला. वडिलांना आणि चुलत्यांनाही खड्यांचा त्रास. कंबर दुखते म्हणून डेक्सा (हाडाची घनता मोजायची तपासणी) केली तर मणक्याचा झेड स्कोर, म्हणजे त्याच वयाच्या लोकांशी केलेली तुलना, उणे २.३ आला. आता एक डॉक्टर म्हणतात दूध-दही बंद, दुसरे म्हणतात कॅल्शियमची गोळी आणि व्हिटॅमिन डीची साठ हजार युनिटची पुडी चालू करा. कोणाचं ऐकू, हे खानदानी आहे का, आणि ९ वर्षांच्या मुलाचं काय करायचं, असं विचारलंय. सोबत चोवीस तासांच्या लघवीचा रिपोर्ट पाठवलाय, ते फार बरं केलंत.

मी किडनीचा डॉक्टर आहे आणि असे पेशंट रोजच बघतो, त्यामुळे आधी सरळ उत्तर देतो, कारणं मग. दूध-दही बंद करू नका, केलं असेल तर आजच परत चालू करा. कॅल्शियमची गोळी सध्या नको. व्हिटॅमिन डी तुम्हाला लागणार आहे कारण लेव्हल १४ आहे, पण पहिली पुडी फोडायच्या आधी रक्ताच्या काही टेस्ट करून घ्या, त्या का ते पुढे येईलच. आणि मीठ. तुमच्या रिपोर्टमधली सगळ्यात मोठी गडबड मिठाची आहे आणि दोन्ही डॉक्टरांच्या चिठ्ठीत मिठाचा एक शब्द नाही, हे बघून मला खरंच वाईट वाटलं.

आता कारणं. आपल्या अंगात साधारण एक किलो कॅल्शियम असतं आणि त्यातलं ९९ टक्के हाडात असतं. कॅल्शियमचे खडे होणाऱ्यांपैकी जवळपास निम्म्या लोकांच्या लघवीतून कॅल्शियम जास्त जातं, रक्तातलं कॅल्शियम मात्र एकदम नॉर्मल असतं. याला इडिओपॅथिक हायपरकॅल्शियुरिया म्हणतात, हे नाव १९५३ मध्ये फुलर अल्ब्राइट यांनी दिलं. बरीच वर्षं डॉक्टरांना वाटायचं की काहींचं आतडं जास्त शोषतं, काहींची किडनी गळते, म्हणजे वेगवेगळे आजार आहेत. प्रत्यक्षात बहुतेकांमध्ये तिन्ही गोष्टी कमीजास्त प्रमाणात एकत्रच चालू असतात, आतडं जास्त ओढतं, किडनी धरून ठेवत नाही आणि हाड पटकन सोडतं.

१९८२ मध्ये फ्रेडरिक को आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा लोकांना मुद्दाम कमी कॅल्शियमचा आहार देऊन बघितला. नॉर्मल माणसाची किडनी अशा वेळी कॅल्शियम राखून ठेवते. पण यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या लघवीतून जेवढं खाल्लं त्यापेक्षाही जास्त कॅल्शियम बाहेर पडलं. मग ते जास्तीचं आलं कुठून? हाडातून, दुसरीकडे साठा आहेच कुठे. पगार बंद केला म्हणून घरखर्च थांबत नाही, मग एफडी मोडावी लागते, तसंच हे. त्यामुळे "खडा कॅल्शियमचा आहे म्हणून कॅल्शियम बंद" हा सल्ला वरवर कितीही पटला तरी तुमच्यासारख्या माणसाचं हाड त्यानेच आणखी खचतं.

बरं, हाडाचं नुकसान करून निदान खडे तरी कमी होतात का, तर तेही नाही. इटलीत पार्माच्या बोर्गी यांनी १२० पुरुषांवर पाच वर्षं अभ्यास केला, सगळे वारंवार कॅल्शियम ऑक्झलेटचे खडे होणारे आणि लघवीत कॅल्शियम जास्त असणारे, म्हणजे अगदी तुमच्यासारखेच. निम्म्यांना कॅल्शियम कमी, दिवसाला ४०० मिलिग्रॅमच. बाकी निम्म्यांना कॅल्शियम भरपूर, १२०० मिलिग्रॅम, पण मीठ आणि मांसाहार कमी. २००२ मध्ये निकाल छापून आला: कमी कॅल्शियमवाल्या ६० पैकी २३ जणांना परत खडा झाला, दुसऱ्या गटात ६० पैकी १२ जणांना. त्याच्याही आधी १९९३ मध्ये ४५,००० हून जास्त अमेरिकन पुरुषांच्या अभ्यासात हेच दिसलं होतं, जेवणातून कॅल्शियम जास्त घेणाऱ्यांना खडे कमी होत होते.

याचं कारण आतड्यात आहे. पालक, शेंगदाणे, बीट, चहा यातलं ऑक्झलेट आतड्यातच कॅल्शियमला भेटलं तर दोघं मिळून शौचावाटे निघून जातात. दूध-दही बंद केलं की ऑक्झलेटला जोडीदार मिळत नाही, ते रक्तात शिरतं आणि लघवीत उतरतं, आणि लघवीत ऑक्झलेट थोडंसं जरी वाढलं तरी खड्याला ते पुरतं. म्हणून मी पेशंटना सांगतो की पालकाची भाजी खायचीच असेल तर दह्यासोबत किंवा पनीर घालून खा, चहा दुधाचाच प्या, कोरा नको, आणि शेंगदाण्याच्या कुटाचा हात जरा आखडता घ्या, आपल्याकडे तर तो प्रत्येक भाजीत पडतो.

गोळीची गोष्ट मात्र वेगळी आहे, हे नीट लक्षात घ्या, कारण दुसरे डॉक्टर इथे घाई करतायत असं मला वाटतं. अमेरिकेत ३६,००० हून जास्त बायकांवर झालेल्या अभ्यासात, २००६ चा आहे तो, कॅल्शियम कार्बोनेट १००० मिलिग्रॅम आणि व्हिटॅमिन डी ४०० युनिट रोज देऊन बघितलं तर मुतखड्याचं प्रमाण १७ टक्क्यांनी वाढलं. गोळी रात्री झोपताना उपाशीपोटी घेतली, जशी आपल्याकडे बरेच जण घेतात, तर ऑक्झलेट बांधायला आतड्यात काही नसतं आणि कॅल्शियम मात्र एकदम लघवीत येतं. दिवसाला साधारण १००० मिलिग्रॅमची गरज आहे. १०० मिली गाईच्या दुधात अंदाजे १२० असतं, त्यामुळे दोन मोठे कप दूध, दुपारची दह्याची वाटी आणि आठवड्यात तीन-चारदा नाचणीची भाकरी एवढ्यात तुमची मोठी बाजू भागते. दूध पचतच नसेल, किंवा काही कारणाने गोळी द्यावीच लागली, तर कॅल्शियम सायट्रेटची, आणि जेवणाच्या ताटावर बसूनच घ्यायची.

आता खडे आणि हाडं यांचा खरंच संबंध आहे का, की हा योगायोग? अमेरिकेत मिनेसोटातल्या रोचेस्टरमध्ये ज्यांना खड्याचा त्रास झाला त्यांचा पुढे अनेक वर्षं मागोवा घेतला तेव्हा त्यांच्यात मणक्याच्या फ्रॅक्चरचं प्रमाण अपेक्षेपेक्षा चौपटीहून जास्त निघालं, १९९८ ची गोष्ट. २०१४ मध्ये ब्रिटनमधल्या ५०,००० हून जास्त खड्यांच्या पेशंटचा अभ्यास आला, त्यात पुरुषांमध्ये फ्रॅक्चरची शक्यता थोडी जास्त आणि बायकांमध्ये वयानुसार त्याहूनही जास्त निघाली. आणि मला सगळ्यात जास्त टोचलेला अभ्यास २०२१ चा, अमेरिकेतल्या माजी सैनिकांचा. ५ लाखांहून जास्त खड्यांचे पेशंट, त्यातल्या जवळपास चौथ्या हिश्शाला ऑस्टिओपोरोसिस (हाडं ठिसूळ होण्याचा आजार) किंवा फ्रॅक्चरचा इतिहास होताच. उरलेल्यांपैकी फक्त ९ टक्क्यांची पुढे डेक्सा झाली, आणि ज्यांची झाली त्यातल्या पाचात एकाला ऑस्टिओपोरोसिस सापडला. म्हणजे शोधलं तर सापडतं, पण शोधत कोणी नाही. आपल्याकडे तर खडा युरोलॉजिस्टकडे जातो, कंबर हाडांच्या डॉक्टरकडे, आणि दोन फायली एका टेबलावर कधी येतच नाहीत. तुमच्या बाबतीत नेमकं हेच झालंय.

आता तुमचा रिपोर्ट घेऊ. आधी क्रिएटिनिन बघायचं, कारण त्यावरून लघवी पूर्ण चोवीस तासांची जमवली होती का ते कळतं. पुरुषात किलोमागे साधारण २० ते २५ मिलिग्रॅम यायला हवं, तुमचं १५०० आहे म्हणजे किलोमागे जवळपास २१, तेव्हा कॅन बरोबर भरलाय, सकाळची पहिली लघवी टाकून देऊन दुसऱ्या दिवशीची पहिली धरली होतीत असं दिसतं. लघवी एकूण १.३ लिटर. फारच कमी, खडे होणाऱ्याची निदान अडीच लिटर व्हायला हवी. कॅल्शियम ३४८ मिलिग्रॅम. पुरुषाला ३०० च्या खाली किंवा किलोमागे ४ च्या खाली असावं, तुमचं किलोमागे ४.८ आहे. ऑक्झलेट ३४, ठीक. सायट्रेट २४०, कमी, ३२० च्या वर हवं. आणि सोडियम २३६ मिलिमोल.

या २३६ वर जरा थांबू. खाल्लेलं मीठ बहुतेक सगळं लघवीतूनच बाहेर पडतं, त्यामुळे हा आकडा म्हणजे तुम्ही त्या दिवशी किती मीठ खाल्लं त्याचा चोख हिशोब असतो, कोणी "डॉक्टर, मी तर मीठ कमीच खातो" म्हटलं तरी. २३६ मिलिमोल म्हणजे जवळपास १४ ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटना ५ ग्रॅमच्या खाली सांगते. किडनीत सोडियम आणि कॅल्शियम बऱ्याच ठिकाणी जोडीने परत शोषले जातात, त्यामुळे सोडियम बाहेर टाकायची वेळ आली की त्याच्यासोबत कॅल्शियमही वाहून जातं. ढोबळ हिशोब असा की दर १०० मिलिमोल जास्त सोडियममागे सुमारे ४० मिलिग्रॅम कॅल्शियम लघवीत जास्त जातं, आणि तुमच्यासारख्या गळक्या लोकांत त्याहूनही जास्त. तुम्ही २३६ वरून १०० वर आलात तर एकाही गोळीशिवाय ५० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम वाचेल, म्हणजे ३४८ वरून तीनशेच्या आत याल. रोजचे ५० मिलिग्रॅम, वर्षभराचा गुणाकार करून बघा, हे हाडातून जायचं थांबलं.

मीठ कमी म्हणजे नुसतं वरून घ्यायचं बंद असं नाही. लोणचं, पापड, ठेचा, शेव-फरसाण, बेकरीची खारी, वेफर्स, सुकं मासळी, आणि दुपारच्या ताकात घातलेलं मीठ, हे सगळं मोजायचं. खानदेशात जेवणासोबत ठेचा किंवा तिखट-मिठाचा गोळा असतोच असतो, तो आठवड्यात एकदा करा. सैंधव मीठ, काळं मीठ हेही सोडियमच आहे, त्याने काही फरक पडत नाही. एक महिना जिभेला त्रास होतो, नंतर हॉटेलची भाजी खारट लागायला लागते.

पाण्याचं तर तुम्हाला माहीतच आहे, पण बोअरचं पाणी जड आहे म्हणून कमी पितो असं लिहिलंत, ते चुकतंय. जड पाण्यातल्या कॅल्शियमने खडे होतात याला फारसा आधार नाही, कमी पाण्याने होतात याला भक्कम आधार आहे. तुम्ही उन्हात काम करता, एप्रिल-मेमध्ये घामात किती जातं त्याचा हिशोबच नाही, त्यामुळे "तीन लिटर पितो" या म्हणण्याला अर्थ नाही, लघवी किती झाली ते बघा, रंग पाण्यासारखा फिका हवा. कुळथाचं कढण घेता ते घ्या, माझी हरकत नाही, पातळ करा आणि मीठ बेताचं घाला.

औषधांवर येतो. सायट्रेट कमी आहे म्हणून तुम्हाला पोटॅशियम सायट्रेट लागेल असं मला वाटतं. ते लघवीत कॅल्शियमला धरून ठेवतं, खडा जमू देत नाही, शिवाय अल्कली, म्हणजे आम्ल मारणारं, असल्यामुळे शरीरातली आम्लता निवळायला हाडाला आपला साठा झिजवावा लागत नाही, आणि ते दीर्घकाळ घेणाऱ्या खड्यांच्या पेशंटमध्ये मणक्याची घनता वाढलेली दिसली आहे. पण एक गोष्ट मेडिकलच्या काउंटरवरच तपासा: लघवीला जळजळ होते म्हणून आपल्याकडे जे सिरप सर्रास मिळतं ते डायसोडियम हायड्रोजन सायट्रेटचं असतं, म्हणजे त्यात सोडियम आहे. एकीकडे मीठ कमी करायचं आणि दुसरीकडे बाटलीतून सोडियम प्यायचं, असं होतं. बाटलीवर पोटॅशियम लिहिलेलं हवं. आणि किडनीचं काम कमी असेल तर पोटॅशियम तपासल्याशिवाय हे घ्यायचं नाही.

दुसरं औषध थायाझाइड गटातलं, हायड्रोक्लोरोथायाझाइड, क्लोरथॅलिडोन, इंडापामाइड ही ती नावं. ही लघवीतलं कॅल्शियम कमी करतात. २०२३ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये ४१६ पेशंटवर झालेल्या अभ्यासात हायड्रोक्लोरोथायाझाइडच्या तिन्ही डोसनी खडे परत होण्यात ठळक फरक दिसला नाही, तेव्हापासून बरेच डॉक्टर ते लिहितच नाहीत. माझं मत असं की निव्वळ खड्यासाठी मी आता ते पूर्वीइतकं देत नाही, पण खडा, लघवीत भरपूर कॅल्शियम आणि वर हाडही कमी असं तिन्ही एका माणसात असेल तर त्याला अजून जागा आहे. मात्र आधी तीन महिने मीठ कमी करून परत चोवीस तासांची लघवी करायची. मीठ चालूच ठेवलं तर थायाझाइडचा परिणाम जवळपास धुऊन जातो आणि पोटॅशियम मात्र घसरतं.

आता त्या पुडीचं. व्हिटॅमिन डी १४ म्हणजे कमीच आहे आणि ते भरून काढायला हवं, कमी ठेवलं तर पॅराथायरॉइड हार्मोन वाढतं आणि तेच हाड खातं. पण देण्याआधी रक्तातलं कॅल्शियम, अल्ब्युमिन, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फेटेज, पीटीएच (म्हणजे तेच पॅराथायरॉइड हार्मोन), पोटॅशियम आणि बायकार्बोनेट एवढं बघायलाच हवं. याची दोन कारणं आहेत.

पहिलं, हे हार्मोन बनवणाऱ्या मानेतल्या पॅराथायरॉइड ग्रंथीची गाठ, जी हाडातून कॅल्शियम ओढून रक्तात चढवते. खडे होणाऱ्यांपैकी साधारण पाच टक्क्यांत ती असते, आणि खडे आणि ठिसूळ हाडं एकत्र दिसली की ती आधी वगळायची. चार्ल्स मार्टेल नावाचा एक अमेरिकन जहाजी कॅप्टन होता, हाडं मोडत गेली, उंची काही इंचांनी घटली, खडे झाले. १९२६ मध्ये रोगाचं निदान झालं पण मानेत गाठ सापडेना, सातव्या ऑपरेशनमध्ये १९३२ साली ती छातीत सापडली, तोवर किडन्या फार खराब झाल्या होत्या आणि थोड्याच आठवड्यांत तो गेला. आज एका रक्ताच्या टेस्टवर हे कळतं. आपल्याकडे एक मेख अशी की व्हिटॅमिन डी कमी असलं की अशा गाठीतही कॅल्शियम नॉर्मल दिसू शकतं, म्हणून डी भरून झाल्यावर कॅल्शियम आणि पीटीएच परत करायचं.

दुसरं कारण थेट जीन्सचं आहे. व्हिटॅमिन डीचं सक्रिय रूप काम झाल्यावर निकामी करणारं एक एन्झाइम असतं, त्याचा जीन सीवायपी२४ए१. तो आई आणि वडील यांच्याकडून आलेल्या दोन्ही प्रतींत बिघडलेला असेल तर डी साचत जातं, कॅल्शियम चढतं, पीटीएच दबून जातं, खडे होतात. २०११ मध्ये हे पहिल्यांदा सिद्ध झालं, व्हिटॅमिन डीचे नेहमीचे डोस घेऊन आजारी पडलेल्या बाळांमध्ये. मोठ्या वयात असे लोक "साधे मुतखड्याचे पेशंट" म्हणून फिरत असतात. दुर्मिळ आहे, मान्य. पण त्याला कोणी साठ हजारच्या पुड्या आठवड्याला लावल्या, किंवा सहा लाखांचं इंजेक्शन टोचलं, तर काय होईल विचार करा. म्हणून नियम साधा ठेवा: कॅल्शियम वरच्या टोकाला आणि पीटीएच तळाला असेल तर डी थांबवा आणि किडनीच्या डॉक्टरला गाठा. तुमचं हे सगळं ठीक आलं तर रोजच्या छोट्या डोसने किंवा आठवड्याच्या पुडीने आठ आठवडे डी भरा, आणि नंतर लघवीतलं कॅल्शियम परत मोजा. इंजेक्शन नको.

आता खानदानी आहे का. हो, बऱ्याच अंशी. अमेरिकेतल्या माजी सैनिक जुळ्या भावांच्या २००५ च्या अभ्यासात एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला खडा असेल तर दुसऱ्यालाही असण्याचं प्रमाण ३२ टक्के होतं, साध्या जुळ्यांत १७. त्यावरून खड्याच्या धोक्यातला ५६ टक्के भाग आनुवंशिक असा अंदाज निघाला. उरलेल्यात स्वयंपाकघर, ऊन, काम हे सगळं येतं, आणि तेही घरात वारशानेच मिळतं.

पण "खड्याचा जीन" असा एक जीन नसतो. आइसलँडच्या डीकोड कंपनीच्या शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये क्लॉडिन-१४ या जीनमधला एक फरक शोधला. हे प्रोटीन किडनीत कॅल्शियम परत रक्तात यायची वाट अडवतं. त्या फरकाच्या दोन प्रती असणाऱ्यांना एकही नसणाऱ्यांपेक्षा खड्याचा धोका १.६४ पट, आणि विशेष म्हणजे त्याच फरकाचा संबंध कंबरेच्या आणि खुब्याच्या हाडाच्या कमी घनतेशीही लागला. म्हणजे खडा आणि हाड यांना जोडणारा धागा जीनमध्येच दिसला. पण त्यांनी तपासलेल्या समाजात तब्बल ६२ टक्के लोकांकडे या दोन्ही प्रती होत्या! त्यामुळे लाळेची टेस्ट करून "तुम्हाला स्टोनचा धोका आहे" असा रंगीत रिपोर्ट देणाऱ्यांकडे पैसे घालवू नका, त्यातून उपचार एका मिलिग्रॅमनेही बदलत नाही.

असे छोटे छोटे फरक अनेक जीन्समध्ये असतात, कॅल्शियम ओळखणाऱ्या रिसेप्टरचा, फॉस्फेट वाहून नेणाऱ्यांचे, व्हिटॅमिन डीच्या वाटेवरचे, आणि ते एकावर एक साचतात. अमेरिकेतल्या दुसऱ्या रोचेस्टरमध्ये, न्यूयॉर्क राज्यातल्या, डेव्हिड बुशिन्स्की यांनी लघवीतून जास्त कॅल्शियम टाकणारे उंदीर निवडून निवडून पिढ्यान् पिढ्या त्यांचीच पैदास केली, तर शेवटी जवळपास सगळ्याच उंदरांना खडे व्हायला लागले. त्यांची हाडंही बघितली, तर भरपूर कॅल्शियम खायला घालूनसुद्धा ती कमी घनतेची आणि ठिसूळ निघाली. म्हणजे हाडाचा कमकुवतपणा निव्वळ खाण्यापिण्याने आलेला नव्हता, तो त्या उंदरांच्या जीन्समध्येच होता.

एकाच जीनमुळे होणारे आजार वेगळे, ते कमी आहेत पण तेच शोधायचे असतात, कारण तिथे उपचाराची दिशाच बदलते. २०१५ मध्ये खड्यांच्या क्लिनिकमधल्या २६८ पेशंटचे ३० जीन तपासले तर सुमारे १५ टक्क्यांत एकच जीन कारणीभूत निघाला, मुलांत जवळपास २१ टक्के, मोठ्यांत ११. (यातला सगळ्यात जास्त सापडलेला जीन सिस्टिनच्या खड्यांचा होता, तुमचा खडा तो नाही.) उदाहरण सांगतो. एसएलसी३४ए३ नावाच्या जीनमध्ये दोष असला की लघवीतून फॉस्फेट वाहतं, शरीर त्याला उत्तर म्हणून सक्रिय व्हिटॅमिन डी वाढवतं, त्याने कॅल्शियमही जास्त शोषलं जातं आणि लघवीत उतरतं, म्हणजे मऊ हाडं आणि खडे एकदम. मूल वाकड्या पायांचं म्हणून येतं, मुडदूस समजून कोणी कॅल्सिट्रिऑल देतं आणि खडे वाढतात, खरं तर द्यायचं असतं फक्त फॉस्फेट. दुसरा, डिस्टल रीनल ट्युब्युलर ॲसिडोसिस, ज्यात किडनी आम्ल बाहेर टाकू शकत नाही, ते निवळायला हाड झिजतं, सायट्रेट तळाला जातं, पोटॅशियम घसरतं, कॅल्शियम फॉस्फेटचे खडे होतात, काहींना लहानपणापासून ऐकू कमी येतं. त्याला वेळेवर अल्कली दिली की हाडंही सुधारतात आणि खडेही थांबतात. इतका समाधान देणारा उपचार आमच्या शाखेत क्वचितच असतो, म्हणून तो चुकला की फार हळहळ वाटते.

डेंट डिसीज हा खड्यांचा आजार तिसरा, मुलग्यांमध्ये होतो, पण तो एक्स क्रोमोसोमवरून येतो आणि वडील मुलाला एक्स देत नाहीत, त्यामुळे तुमच्या घरात वडील-चुलते-तुम्ही अशी ओळ आहे तिथे त्याची शक्यता फार कमी.

जीनची तपासणी मी केव्हा सांगतो? पहिला खडा पंचविशीच्या आत, दोन्ही किडन्यांत आतून कॅल्शियम साचलेलं, क्रिएटिनिन वाढलेलं, फॉस्फरस किंवा पोटॅशियम कमी, लघवीत प्रोटीन, लहानपणी वाकडे पाय किंवा बहिरेपणा, किंवा आई-वडील नात्यातले. शेवटचं आपल्याकडे मुद्दाम विचारावं लागतं. मामाची मुलगी करण्याची पद्धत बऱ्याच घरांत आहे, आणि दोन्ही प्रती बिघडाव्या लागतात असे आजार अशा घरांत जास्त दिसतात. यात कोणाचा दोष नाही, सांगायला संकोच करू नका. तुम्ही हे लिहिलेलं नाही म्हणून विचारतोय. तुमचा पहिला खडा ३१ व्या वर्षी, क्रिएटिनिन नॉर्मल, सोनोग्राफीत साचलेलं काही नाही, त्यामुळे फॉस्फरस आणि बायकार्बोनेट ठीक आलं तर जीन टेस्टची गरज मला दिसत नाही.

डेक्साबद्दल थोडं. रिपोर्टवर "ऑस्टिओपोरोसिस" असं छापलंय त्याने घाबरलात. पन्नाशीच्या आतल्या पुरुषाला टी स्कोर लावायचा नसतो, झेड स्कोर बघायचा, आणि उणे २ किंवा त्याखाली असेल तर "वयाच्या मानाने कमी" एवढंच म्हणायचं. पण ते दुर्लक्ष करण्यासारखंही नाही. कंबर दुखतेय तर मणक्याचा बाजूने एक्स-रे काढा, दबलेला मणका कधी कधी नुसत्या कंबरदुखीसारखाच वाटतो. थायरॉइड, टेस्टोस्टेरॉन आणि सिलिॲकची टेस्ट करा, गव्हाचा हा आजार हाडंही पोखरतो आणि ऑक्झलेटही वाढवतो. स्टेरॉइड किंवा दम्याची, सांधेदुखीची "पावडर" कुठून घेतली असेल तर खरं सांगा. तंबाखू असेल तर तीही सोडा. हाड घट्ट करणारी ॲलेंड्रोनेटसारखी औषधं लघवीतलं कॅल्शियमही कमी करतात, पण तुमच्या वयात फ्रॅक्चर नसताना मी ती लगेच देत नाही, आणि डी भरल्याशिवाय तर नाहीच. एक-दोन वर्षांनी त्याच मशीनवर डेक्सा परत करा.

राहिला मुलगा. ९ वर्षांच्या मुलाचं चोवीस तास लघवी जमवणं जिकिरीचं असतं, सकाळच्या एका सॅम्पलमध्ये कॅल्शियम आणि क्रिएटिनिनचं प्रमाण बघा, मिलिग्रॅमला मिलिग्रॅम. या वयात ०.२ पेक्षा जास्त आलं तर काही दिवसांनी परत करा, परत तसंच आलं तरच लहान मुलांच्या किडनीच्या डॉक्टरांना दाखवा आणि सोनोग्राफी करा. त्याचं दूध कोणत्याही परिस्थितीत बंद करू नका, त्याच्या आयुष्यभराचं हाड आत्ता बनतंय. चिप्सची पाकिटं मात्र कमी करा आणि शाळेतून आल्यावर पाण्याची बाटली रिकामी आहे का ते बघा. वाढ मंदावली असेल, पाय वाकत असतील किंवा लघवी लाल झाली असेल तर वाट बघत बसू नका.

आणि वडिलांचे जुने रिपोर्ट शोधा, कधी खडा काढून तपासला असेल तर तो कशाचा होता ते, आणि त्यांना किंवा चुलत्यांना कधी किरकोळ पडण्याने हाड मोडलं होतं का तेही विचारा. ते, वर सांगितलेल्या रक्ताच्या टेस्ट, मणक्याचा एक्स-रे आणि मुलाचा तो एक आकडा एवढं हातात आलं की पाठवा, पुडी किती आणि कशी, सायट्रेट किती आणि थायाझाइड लागेल का हे तेव्हाच नक्की सांगता येईल. तोवर मीठ आजपासूनच कमी करा, त्यासाठी कुठल्याही रिपोर्टची वाट बघायची गरज नाही.